अकॉन्ड्रोप्लेशियाचं बाळ घरी आल्यावर: पहिली दोन वर्षं मान आणि पाठ कशी जपायची

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी अगदी व्यवस्थित होती. आठव्या महिन्यात मात्र रेडिओलॉजिस्टबाईंनी मांडीच्या हाडाचं माप तीन-तीनदा घेतलं आणि मी टेबलावरून उठेपर्यंत त्या काहीच बोलल्या नाहीत. लेक झाली, बारसं झालं, आणि ती दीड महिन्याची असताना रक्ताच्या तपासणीतून नाव कळलं: अकॉन्ड्रोप्लेशिया, म्हणजे हाडांची लांबी कमी वाढून हातपाय आखूड राहण्याचा जनुकीय आजार. आज ती दुसरीत आहे आणि घरात सगळ्यात मोठा आवाज तिचाच असतो.

त्या दिवसांत मला आजाराची व्याख्या पाहिजे तेवढी मिळाली. पण बाळाला न्हाऊ कसं घालायचं, झोळी बांधायची की नाही, बाळाला बाई लावायची की नाही, ढेकर कशी काढायची, याचं उत्तर एका जागी सापडलं नाही. ते इथे लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. तपासण्या आणि औषधं यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण डॉक्टरांकडे बाळ महिन्यातून अर्धा तास असतं, बाकीचा सगळा वेळ ते आपल्या हातांत असतं.

आधी नाव पक्कं करून घ्या

हातपाय आखूड दिसले म्हणजे अकॉन्ड्रोप्लेशियाच असं नाही. हायपोकॉन्ड्रोप्लेशियासारखे जवळचे आजार आहेत, आणि प्रत्येकाची काळजी वेगळी आहे. अनुभवी डॉक्टर बाळाला बघून आणि एक्स-रे काढून बहुतेक वेळा ओळखतात: दंड आणि मांड्या आखूड, कपाळ पुढे आलेलं, नाकाचा पूल बसका, बोटं त्रिशूळासारखी फाकलेली. तरीही जनुकाची तपासणी करून घ्या. ती एफजीएफआर३ या एकाच जनुकाची असते. १९९४ मध्ये या आजाराचं कारण तिथे सापडलं. जवळजवळ सगळ्या रुग्णांत बदल एकाच ठिकाणी असतो: जनुकाच्या ११३८व्या जागी एक अक्षर बदलतं आणि प्रथिनाच्या ३८०व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन येतं. हा जनुक म्हणजे हाडांच्या वाढीचा ब्रेक आहे. बदलामुळे तो सतत थोडा दाबलेला राहतो, म्हणून कूर्चेपासून लांबीला वाढणारी हाडं मागे पडतात. बुद्धीशी त्याचा संबंध नाही.

साधारण २५,००० जन्मांत एक असं प्रमाण सांगतात. यातली सुमारे ८० टक्के बाळं सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घराण्यात आधी कुणी नसतं, बदल नव्यानेच झालेला असतो, आणि वडिलांचं वय जास्त असेल तर त्याची शक्यता थोडी वाढते. आमच्याकडे मात्र पहिल्या आठवड्यातच चौकशी सुरू झाली की सातव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा मी सुरी हातात घेतली होती का. घेतली होती, कांदा चिरत होते. त्याचा आणि याचा काडीचाही संबंध नाही. हे मी स्वतः सांगून कुणाला पटलं नाही, म्हणून जनुकतज्ज्ञांच्या भेटीला सासूबाईंनाच बरोबर घेऊन गेले. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि विषय संपला. तुम्हीही घरातल्या ज्या माणसाचं सगळे ऐकतात त्याला न्या.

पाचव्या महिन्यात कसं दिसलं नाही, हा प्रश्न आम्हालाही छळत होता. मांडीचं हाड मागे पडतं ते बहुधा सहाव्या महिन्यानंतर. आधीच्या डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका.

पुढच्या बाळाचं म्हणाल तर आईवडील दोघंही सर्वसाधारण उंचीचे असतील तर पुन्हा होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे. दोघांपैकी एकाला अकॉन्ड्रोप्लेशिया असेल तर ती ५० टक्के होते. दोघांनाही असेल तर चारात एका बाळाला दोन्हीकडून बदललेला जनुक मिळतो आणि ते बाळ जगत नाही. अशा जोडप्याने गरोदरपणाआधीच सल्ला घ्यावा.

दोन तपासण्या ज्या पुढे ढकलायच्या नाहीत

या आजारात उंचीपेक्षा महत्त्वाची जागा मानेच्या वर आहे. कवटीच्या तळाला जे छिद्र असतं, ज्यातून मेंदूपासून निघणारा मज्जारज्जू (पुढे नुसतं ‘मज्जा’ म्हणते) खाली मणक्यात उतरतो, ते या बाळांत अरुंद असतं. तिथे मज्जा दाबली गेली तर झोपेत श्वास थांबू शकतो. कुणी लक्ष ठेवत नव्हतं त्या काळातल्या नोंदींत पहिल्या वर्षी अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण २ ते ५ टक्के दिसतं. आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. वेळेत पाहिलं तर यावर उपाय आहे: न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करून ती जागा मोकळी करतात. सगळ्याच बाळांना ती लागत नाही.

म्हणून निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच दोन गोष्टी विचारा. एक, कवटी आणि मान जिथे मिळतात त्या भागाचा एमआरआय. दोन, रात्रभराचा झोपेचा अभ्यास, म्हणजे स्लीप स्टडी. बाळ घोरत नाही, शांत झोपतं, म्हणून स्लीप स्टडी नको असं आम्हाला एके ठिकाणी सांगितलं होतं. मज्जा दाबल्यामुळे जो श्वास थांबतो त्याला आवाज नसतो. घोरणं हा वेगळा प्रकार, तो नाक-घशाची वाट अरुंद असल्यामुळे होतो. दोन्ही एकाच बाळात असू शकतात.

एमआरआयसाठी भूल द्यावी लागली तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आदल्या दिवशीच सांगा. या बाळांची मान नळी घालताना फार मागे वाकवायची नसते. अगदी लहान बाळाला पोटभर पाजून, गुंडाळून, झोपेतच एमआरआय करता येतो का, हेही विचारून बघा. आमचा तसाच झाला.

पुढची लक्षणं दिसली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखाना गाठा: झोपेत श्वास २० सेकंद थांबणं किंवा ओठ निळे पडणं, दूध ओढताना वरचेवर ठसका आणि दमणं, आधी हलणारे हातपाय सैल पडणं, पाऊल वर ढकललं की ते थरथर उडत राहणं, पहिल्या वर्षातच एकच हात वापरणं, टाळू फुगलेली, सोबत उलट्या आणि गुंगी. एक लक्षण मात्र आम्ही कौतुकाने बघत बसलो होतो: झोपेत मान धनुष्यासारखी मागे टाकणं. बाळ श्वासाची वाट मोकळी करण्यासाठी तसं करत असतं.

मालिश, न्हाणं, झोळी

या बाळांचं डोकं मोठं, मान मऊ आणि अंग सैल असतं. म्हणून आपल्याकडची बाळाला न्हाऊमाखू घालायची पद्धत थोडी बदलावी लागते. बंद करायची गरज नाही, आणि ती बंद करायला सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. आजीच्या हाताचा तेलाचा स्पर्श बाळाला हवाच असतो.

तेल लावा, हलक्या हाताने चोळा. पण पुढचं काही करू नका. हात छातीवर आणि पाय पोटावर आडवे-तिडवे ओढून व्यायाम देऊ नका. कोपर सरळ करायला जोर लावू नका; या बाळांचं कोपर हाडामुळेच पूर्ण सरळ होत नाही, चोळून ते होणार नाही. नाक चिमटीत धरून वर ओढणं आणि डोकं दाबून गोल करणं सोडून द्या. पाय धरून उलटं टांगणं आणि वर उडवून झेलणं तर कुणालाही करू देऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या मावशी वीस वर्षं बाळं न्हाऊ घालत होत्या. त्यांना “हे नको, ते नको” सांगून काही होईना. शेवटी फिजिओथेरपिस्टनी बाहुली घेऊन मानेत काय होतं ते दाखवलं. त्या दिवसापासून दुसऱ्या कुणी मान न धरता बाळ उचललं की मावशीच ओरडायच्या.

पायांवर घेऊन न्हाऊ घालायला हरकत नाही. पालथं घेतल्यावर बाळाची छाती मांड्यांवर पूर्ण टेकलेली हवी. केस धुताना डोकं पोटरीवरून खाली लोंबकळू देऊ नका. दुसऱ्या माणसाने तळहात खाली धरायचा. कानात आणि नाकात तेल घालायचं नाही, याचं कारण पुढे येईल.

साडीची झोळी बांधू नका. झोळीत बाळ अर्धवर्तुळ होऊन झोपतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते आणि पाठीला बाक येतो. मला हे सोडणं सगळ्यात जड गेलं, कारण झोळीशिवाय ती झोपेना. लाकडी पाळणा चालतो, फक्त तळ सपाट आणि गादी घट्ट हवी. बाळ उताणंच झोपवा. डोकं गोल व्हावं म्हणून देतात ती राईची उशी काढून ठेवा. तिच्यामुळे मान पुढे वाकते.

उचलताना एक हात मानेमागे, दुसरा ढुंगणाखाली. अंगावर पाजताना हाताखाली तक्क्या घ्या, कारण डोकं खरंच जड असतं आणि आपला हात दहा मिनिटांत खाली येतो. ढेकर काढताना मांडीवर बसवून हनुवटी धरून पुढे वाकवायची सवय अनेकींना असते. त्याऐवजी बाळाला खांद्यावर सरळ घ्या आणि पाठीला तळहाताचा आधार द्या.

बसवण्याची घाई नको

सहावा महिना लागला की सगळे विचारतात, “बसते का?” बसत नसेल तर लोडांच्या मधे बसवून ठेवायची आपली पद्धत. इथे नेमकं तेच करायचं नाही. पाठीच्या स्नायूंत ताकद यायच्या आधी बसवलं की जड डोक्याचा भार कमरेच्या वरच्या मणक्यांवर येतो आणि तिथे कुबड यायला लागतं. चालायला लागल्यावर बहुतेकांचं ते जातं, पण काहींचं राहतं आणि पुढे मज्जेवर दाब आणतं.

मग करायचं काय? जागं असताना पालथं ठेवा. सतरंजी फरशीवर अंथरा, समोर खुळखुळा किंवा आरसा ठेवा, दिवसातून पाच-सहा वेळा. सुरुवातीला दोन मिनिटांत रडणं सुरू होतं. माझ्या छातीवर पालथी घातली की ती जास्त वेळ टिकायची, तेही चालतं. यातूनच मान आणि पाठ तयार होते.

टेकवून ठेवायची वेळ आली तर टेकण कडक पाठीचं आणि मागे कललेलं असू द्या. जमिनीपासून ६० अंशांहून उभं नको. कापडी पाठीची घडीची बाबागाडी, मऊ बाउन्सर आणि झोपाळ्यात पाठीचा बाक होतो. आम्ही बाबागाडीच्या पाठीला सुताराकडून प्लायवुडची फळी कापून बसवली आणि वर पातळ फोम लावला. उष्टावणाला मामाच्या मांडीवर बसवायचं होतं, तिथेही मामाने तिला मागे टेकवून छातीशी धरलं. फोटोत ती आरामखुर्चीत बसलेल्या पाटलीणबाईंसारखी दिसते.

पाठ घरीच तपासता येते. बाळाला पालथं ठेवा आणि कमरेवरचा उंचवटा बघा. पालथं असताना तो सपाट होत असेल तर ठीक. तसाच राहत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पालथं ठेवूनच आडवा एक्स-रे काढतात. सरळ न होणारा बाक ३० अंशांपेक्षा जास्त असेल तर पट्टा देण्याचा विचार करतात.

आधाराशिवाय बसणं या मुलांत साधारण ९ ते २० महिन्यांच्या दरम्यान येतं आणि चालणं १४ ते २७ महिन्यांच्या दरम्यान. शेजारच्या बाळाशी तुलना केली तर झोप उडेल. त्यांच्या हालचालीही वेगळ्या असतात. माझी मुलगी डोकं फरशीला टेकवायची, ढुंगण वर करायची आणि पायांनी ढकलत पुढे जायची, नांगर चालवल्यासारखी. कुणी लोळत जातं, कुणी हातपाय ताठ ठेवून कोळ्यासारखं चालतं. जड डोकं आणि आखूड हात यांतून त्यांनी शोधलेली ती युक्ती असते, सुधारत बसू नका. आपणहून बसायला लागलं की बसू द्या. कडेवरही तेव्हाच घ्या. पांगुळगाडा आणि दारात टांगायचे उड्यांचे झोके मात्र कधीच नकोत.

प्रवासात कारमध्ये मागे तोंड असलेली कडक पाठीची सीट वापरा, आणि तीही प्रवासापुरतीच. घरी आल्यावर बाळाला तिच्यात झोपवून ठेवू नका. दुचाकीवर नेऊ नका, गावातल्या गावातसुद्धा. रिक्षाने जायचं असेल तर बाळ छातीशी घेऊन डोक्यामागे हात ठेवा आणि खड्डे चुकवायला आधीच सांगा.

कार्डावरची लाल रेघ

माता-बाल संरक्षण कार्डावरचे आलेख सर्वसाधारण मुलांसाठी आहेत. आपलं बाळ त्यावर उंचीत खालीच राहणार आणि अंगणवाडीत ‘बुटकेपणा’ अशी नोंद होणार. सेविकाताई त्यांचं काम करत असतात. त्यांना निदानाची झेरॉक्स द्या आणि कार्डावर आजाराचं नाव लिहून घ्या. अकॉन्ड्रोप्लेशियासाठी उंची, वजन आणि डोक्याचा घेर यांचे वेगळे आलेख आहेत. बालरोगतज्ज्ञांकडून ते फाइलीत लावून घ्या आणि दर भेटीत त्यांवरच ठिपके मांडायला सांगा.

घेराचा ठिपका सगळ्यात महत्त्वाचा. डोकं मोठं असणारच, पण ते आपल्याच रेषेने वाढायला हवं. रेषा ओलांडून वर पळायला लागलं तर मेंदूत पाणी साठतंय का ते बघावं लागतं.

बाळसं धरावं म्हणून भरवत सुटू नका. या मुलांचं वजन पटकन वाढतं, आणि ते गुडघ्यांना, मणक्याला आणि झोपेतल्या श्वासाला जड जातं. पुढे पाय धनुष्यासारखे दिसू लागले की कुणीतरी मुडदूस म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या लिहून देईल. हा मुडदूस नाही. व्हिटॅमिन डी इतर बाळांना देतात तेवढंच. उंची वाढवणाऱ्या पावडरींवर आमचे बरेच पैसे गेले, तुमचे वाचवा. लसीकरण सगळं वेळेवर, त्यात काही बदल नाही.

कान

चेहऱ्याच्या मधल्या भागाची हाडं लहान राहतात, त्यामुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. सर्दी झाली की कान दुखतो, फुटतो, आणि वरचेवर झालं की ऐकू कमी येतं. बाळ बोलायला उशीर करतं आणि आपण समजतो आजारामुळेच. जन्मानंतर एकदा, वर्षाच्या आसपास एकदा आणि पुढे दरवर्षी कान तपासा. लहान बाळासाठी बेरा नावाची ऐकण्याची तपासणी असते. माझ्या मुलीच्या कानांत दीड वर्षाची असताना ग्रोमेट, म्हणजे पडद्यामागचं पाणी निघून जाण्यासाठीच्या बारीक नळ्या, बसवले. महिन्याभरात “माऊ” ऐवजी “मांजल” म्हणायला लागली. तेल घालू नका म्हणते ते या कानांसाठी.

औषध आहे का?

व्होसोरिटाइड नावाचं इंजेक्शन आहे. ते रोज एकदा त्वचेखाली द्यायचं असतं. तो दाबलेला ब्रेक ते दुसऱ्या वाटेने सैल करतं. युरोपात आणि अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली, सुरुवातीला मोठ्या मुलांसाठी. २०२३ मध्ये वयाची अट खाली आली आणि तान्ह्या बाळांनाही ते देता येऊ लागलं. चाचणीत वर्षाला सुमारे दीड सेंटिमीटर जास्त वाढ दिसली. अमेरिकेतली जाहीर किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर आहे, यावरून काय ते समजा. जनुकतज्ज्ञांना त्याबद्दल जरूर विचारा, पण त्याच्या आशेवर स्लीप स्टडी आणि पालथं ठेवणं मागे पडू देऊ नका. उपचाराशिवाय मोठेपणी पुरुषांची उंची सरासरी १३१ आणि स्त्रियांची १२४ सेंटिमीटरच्या आसपास असते.

कागदपत्रं

जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथे फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार मोफत मिळतात. मुंबईचं केईएम रुग्णालय २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे. मोठ्या निर्णयासाठी दुसरं मत तिथे घेता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत बुटकेपणाही आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. माझ्या नवऱ्याला ‘दिव्यांग’ हा शब्द पचायला दोन वर्षं लागली. अर्ज मी एकटीने भरला.

फाइलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: आजाराचं नाव, एमआरआय आणि स्लीप स्टडीच्या तारखा, ‘मान फार मागे वाकवू नये’, आणि तुमच्या डॉक्टरांचा नंबर. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टरांना सगळं सांगायचं भान राहत नाही.

चालायला लागल्यावर

कमरेचा बाक आत जातो, पोट पुढे येतं, पाय फाकतात. हे अपेक्षित आहे. कोलांटी, डोक्यावर उभं राहणं आणि मल्लखांब नको, पोहणं उत्तम. घरात मात्र मापं बदला. दिव्याच्या बटणाला दोरी लावा, बेसिनसमोर स्टूल ठेवा, फ्रॉकच्या बाह्या शिंप्याकडून दंडापासून आखूड करून घ्या, नाहीतर शिवण कोपराखाली येते. शौचाला स्वतःची स्वतः पोहोचत नाही म्हणून घाबरू नका, हात आखूड असतात. पाण्याचा जेट लावला की बरंच जमतं. जेवताना खुर्चीवर पाय लोंबकळत राहिले तर कंबर दुखते आणि मूल जेवणावरून उठतं. आमच्याकडे तिच्या पायांखाली आजीचा चौरंग आहे आणि पाठीमागे उशी. शाळेतही बाईंना सांगून बाकाखाली एक पाट ठेवून घेतला आहे. त्यावर तिने खडूने स्वतःचं नाव लिहिलंय आणि दुसऱ्या कुणाला ती त्यावर पाय ठेवू देत नाही.